नऊ विजय आणि एक नकार

(वार्षिक स्नेहसंमेलनात, विद्यार्थी-गौरव समारंभाच्या प्रसंगी केलेले भाषण)



संमेलनाच्या चिटणिसांनी आम्हांस ‘खेळ आणि चारित्र्य’ असा विषय दिला होता. विषय उत्तम आहे. परंतु या विषयावर या व्यासपीठावरून वर्षानुवर्षे एकच भाषण होत आले आहे आणि ते आम्हीही दोनदा केले आहे. म्हणून यंदा चिटणिसांची परवानगी न घेता आम्ही विषय थोडा आखडता घेतला. एका महाविद्यालयाच्या एका संघाचा एकच हंगाम आम्ही आपणांस सांगणार आहो. महाविद्यालय अमेरिकेतील, खेळ आपल्याकडे न खेळला जाणारा आणि हंगाम १९५१ सालचा. इतक्या दूरची गोष्ट येथे कशासाठी, असा प्रश्न आपल्या मनात येईल. त्याचे उत्तर भाषणाच्या शेवटी एका लहानशा कामाच्या रूपाने येणार आहे. तोवर आपण धीर धरावा.

आमचे धाकटे चिरंजीव नोकरीनिमित्त सॅन फ्रान्सिस्कोजवळ राहतात. गेल्या उन्हाळ्यात आम्ही सपत्नीक त्यांच्याकडे दोन महिने होतो. त्या शहरात एका टेकडीवर जुळ्या मनोऱ्यांचे एक मोठे चर्च आहे आणि त्याला लागूनच सॅन फ्रान्सिस्को विद्यापीठ आहे. जेझुइट पंथाच्या धर्मगुरूंनी १८५५ साली स्थापिलेली ही संस्था. नाव विद्यापीठाचे असले तरी एकंदर पसारा आपल्याकडील एखाद्या जुन्या कॉलेजाएवढा. आम्ही संध्याकाळी तेथे फिरावयास जात असू. एके दिवशी आमच्या बारा वर्षांच्या नातवाने त्या टेकडीकडे बोट दाखवून म्हटले, “आजोबा, एका वर्षी इथली टीम एकही मॅच हरली नाही, आणि त्यानंतर टीमच बंद झाली.” विजयी संघ बंद का व्हावा? आम्ही त्याला विचारले. त्याला अर्धेच ठाऊक होते. उरलेले अर्धे शोधण्यात आमचा त्या प्रवासातला बराचसा वेळ गेला.

प्रथम खेळाविषयी दोन शब्द. या खेळाला फुटबॉल म्हणावयाचे ते केवळ नावापुरते, कारण त्यात पायाचे काम थोडे आणि हातांचे व खांद्यांचे फार. चेंडू सोललेल्या नारळासारखा लांबट. दोन्ही बाजूंस अकरा-अकरा गडी आणि मैदानाची लांबी, गोलरेषेपासून गोलरेषेपर्यंत, शंभर यार्ड. चेंडू हाती घेऊन धावावयाचे किंवा पुढच्या गड्याकडे फेकावयाचा. प्रतिपक्षाने चेंडूवाल्याला धरून जमिनीवर लोळविले की तो डाव तेथेच थांबला. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकले तर चेंडू आपल्याकडे राहतो, नाही तर प्रतिपक्षाकडे जातो. चेंडू प्रतिपक्षाच्या रेषेपार नेला की टचडाउन, म्हणजे सहा गुण. त्यावर एक गुण लाथेचा. आपल्या हुतूतूत जसा एक गडी साऱ्यांच्या पकडीतून निसटून मधली रेषा गाठू पाहतो, तसाच काहीसा प्रकार येथे असतो. मात्र शेजारी दहा गडी त्याची वाट मोकळी करीत असतात. हे वाट मोकळी करणारे गडी प्रेक्षकांच्या डोळ्यांत भरत नाहीत, परंतु खेळ त्यांच्यावर उभा असतो. चेंडूवाला आपल्याच रेषेच्या मागे पकडला गेला तर प्रतिपक्षास दोन गुण मिळतात. नातवाने हे समजावून सांगितल्यावर आमची सौभाग्यवती म्हणाली, “म्हणजे आपल्याच उंबऱ्याच्या आत पकडले जाणे.” याहून चांगली व्याख्या आम्हांस पुस्तकात आढळली नाही.

आता संघाकडे येऊ. त्याचे नाव ‘डॉन्स’. प्रशिक्षक जो कुहारिच, शिस्तीचा मोठा कडक माणूस. हंगामापूर्वी त्याने आपल्या गड्यांना कॅलिफोर्नियाच्या उत्तरेकडील कॉर्निंग नावाच्या गावी नेले आणि तेथल्या रखरखीत उन्हात त्यांच्याकडून अशी मेहनत करून घेतली की, पुढे म्हातारपणीही हे लोक सामन्यांच्या आधी कॉर्निंगच्या गोष्टी सांगत. आपल्या तालमीतल्या वस्तादांना कुहारिच सहज ओळखता आला असता.

गड्यांतली चार नावे आपण लक्षात ठेवावीत. जिनो मार्केट्टी हा इटालियन स्थलांतरितांचा मुलगा. दुसऱ्या महायुद्धात युरोपच्या आघाडीवर लढून आलेला. मोटारसायकलीवरून, चामडी जाकीट घालून तो प्रथम कॉलेजात आला, तेव्हा प्रशिक्षकाच्या कपाळाला आठ्या पडल्या होत्या म्हणतात. बॉब सेंट क्लेअर याची उंची सहा फूट नऊ इंच. तो मांस कच्चेच खाई, अशी त्याची ख्याती होती. आमच्या शाकाहारी श्रोत्यांनी या तपशिलाबद्दल क्षमा करावी. उरलेले दोघे कृष्णवर्णीय. ऑली मॅट्सन टेक्सासात जन्मला व लहान वयात सॅन फ्रान्सिस्कोत आला. चेंडू घेऊन धावणे हे त्याचे काम. बर्ल टोलर टेनेसी राज्यातील मेम्फिसचा; प्रतिपक्षाची धाव मोडून काढणे हे त्याचे काम. दोघेही सॅन फ्रान्सिस्कोच्या सिटी कॉलेजातून एकत्रच येथे आले होते. सारा संघ मिळून मजुरांची, स्थलांतरितांची, युद्धावरून परतलेल्यांची मुले. त्यांना एकत्र आणणारी गोष्ट एकच, ती म्हणजे शिष्यवृत्ती.

या संघाची प्रसिद्धी करण्याचे काम एका तरुण कर्मचाऱ्याकडे होते. त्याचे नाव पीट रोझेल. वर्तमानपत्रांना पत्रे पाठवावयाची, मॅट्सनची छायाचित्रे वाटावयाची, हे त्याचे उद्योग. हे नाव पुढे पुन्हा येणार आहे.

हंगाम सप्टेंबरात सुरू झाला. पहिल्या सामन्यांतील एकात सॅन होजे स्टेटचा ३९–२ असा पराभव झाला. ते दोन गुण उंबऱ्याच्या आतले. त्याच संघाशी पुन्हा गाठ पडली तेव्हा ४२–७. मग आयडाहो विद्यापीठ, मग नौसैनिक व सागरी सैनिकांच्या तळांवरचे संघ. लहान महाविद्यालयाला मोठे प्रतिस्पर्धी सहज मिळत नसत. मोठ्या विद्यापीठांचे आपापसांतले गट असत आणि त्यांची वेळापत्रके आधीच भरलेली असत. जिंकण्यात फायदा थोडा आणि हरण्यात नाचक्की मोठी, अशा संघाशी कोण खेळणार? ही अडचण लक्षात ठेवावी, कारण पुढे हेच कारण डॉन्सच्या विरुद्ध वापरले गेले.

ऑक्टोबरात संघ न्यूयॉर्कला फोर्डम विद्यापीठाशी खेळावयास गेला. पूर्वेकडील वर्तमानपत्रांच्या नजरेसमोर खेळण्याची ही एकच संधी. सामना ३२–२६ असा अटीतटीचा झाला. या सामन्यात मॅट्सनने प्रतिपक्षाने लाथाडलेला चेंडू झेलून दोन वेळा, होय, दोन वेळा, जवळजवळ अख्खे मैदान ओलांडून तो पार नेला. मग सांता क्लाराचा २६–७ असा पराभव केला. नोव्हेंबरात स्टॉक्टन येथे कॉलेज ऑफ द पॅसिफिकशी गाठ पडली. वर्षअखेरच्या मोठ्या सामन्यांची निमंत्रणे देणारे लोक खेळाडू निरखावयास जात, त्या प्रकारचा हा सामना. निकाल ४७–१४. शेवटचा सामना पॅसाडीनाच्या रोझ बोल मैदानावर लॉयोला विद्यापीठाशी झाला. तो २०–२ असा जिंकला. नऊ सामने, नऊ विजय. मॅट्सनने त्या हंगामात १,५६६ यार्ड धाव घेतली आणि २१ टचडाउन केले; दोन्ही बाबतींत साऱ्या देशात तो पहिला. वार्ताहरांच्या अखेरच्या गुणानुक्रमात संघ चौदावा आला. एवढ्याशा कॉलेजाला ही मोठीच मजल होती.

येथवर गोष्ट आनंदाची आहे. आता वर्षअखेरच्या सामन्यांची रीत समजून घेतली पाहिजे, कारण सारे मर्म तिच्यात आहे.

हंगाम संपल्यावर नववर्षाच्या दिवशी किंवा त्याच्या आसपास निवडक संघांचे सामने होतात. त्यांना ‘बोल’ म्हणतात. पॅसाडीनाचे मैदान वाडग्याच्या आकाराचे, त्यावरून हे नाव पडले. या सामन्यांत मान मोठा आणि पैसाही मोठा. त्यांतला सर्वांत जुना व सर्वांत प्रतिष्ठेचा रोझ बोल डॉन्सच्या राज्यातच होता. परंतु १९४७ पासून तो दोन बड्या गटांनी आपापसांतील कराराने वाटून घेतला होता. डॉन्स कोणत्याच गटात नव्हते. म्हणून घरचा दरवाजा बंद. उरलेले मोठे सामने दक्षिणेकडे होते: मायामीत ऑरेंज बोल, न्यू ऑर्लीन्सला शुगर बोल, डॅलसला कॉटन बोल, जॅक्सनव्हिलला गेटर बोल. त्या काळी त्या राज्यांत शाळा, आगगाड्यांचे डबे, उपाहारगृहे, पाणी पिण्याचे नळ, सारे वर्णानुसार वेगळे होते, आणि ते कायद्याने वेगळे होते. मैदान त्याला अपवाद कसे असणार?

त्याच १९५१ च्या ऑक्टोबरात, ओक्लाहोमा राज्यातील एका सामन्यात, ड्रेक विद्यापीठाचा कृष्णवर्णीय खेळाडू जॉनी ब्राइट याला चेंडू हातात नसताना प्रहार करून त्याचा जबडा मोडण्यात आला. एका वर्तमानपत्राच्या छायाचित्रकारांनी त्या प्रहाराची क्रमवार छायाचित्रे टिपली आणि पुढील वर्षी त्यांना पुलित्झर पारितोषिक मिळाले. हवा कशी होती हे कळण्यास एवढे पुरे.

डॉन्सना जे कळविण्यात आले ते असे: संघ दक्षिणेत येऊ शकतो; मात्र मॅट्सन व टोलर यांना घरी ठेवून. उघड कारण अर्थात निराळे सांगितले गेले, ते असे की डॉन्सचे प्रतिस्पर्धी दुबळे होते. ज्यांना मोठ्यांनी सामने दिले नाहीत, त्यांनी मोठ्यांना हरविले नाही, हा त्यांचा दोष! असा युक्तिवाद आपण आपल्याकडेही ऐकला आहे. संधी नाकारलेल्यालाच ‘तुझा अनुभव कोठे आहे?’ असे विचारावयाचे.

आता एक गोष्ट ध्यानी घ्यावी. डॉन्सना हा सामना केवळ मानासाठी नको होता. विद्यापीठाचा फुटबॉल विभाग तोट्यात चालत होता. शहरात १९४६ पासून व्यावसायिक संघ आला होता आणि तो त्याच केझर मैदानावर खेळे. तिकीट काढणारा माणूस तिकडे वळू लागला होता. जवळच्या सेंट मेरीज कॉलेजाने आपला विभाग आदल्याच हंगामानंतर बंद केला होता. नववर्षाच्या एका सामन्याचे उत्पन्न पदरी पडते तर डॉन्सचा विभाग काही काळ तरी तगला असता. म्हणजे अट मोडण्याची किंमत कोणाला द्यावी लागणार हे उघड होते. ती त्या दोघांना नव्हे, सर्वांना द्यावी लागणार होती. जे अजून दुसऱ्या-तिसऱ्या वर्षात होते, त्यांचे मैदानच जाणार होते.

प्रशिक्षकाने गोष्ट संघापुढे मांडली. पुढे उतारवयात मार्केट्टी, सेंट क्लेअर आदींनी ज्या आठवणी सांगितल्या त्यांत एक गोष्ट सारखी आहे: मतदान झाले नाही. कोणी भाषण केले नाही. ते दोघे नाहीत तर आम्हीही नाही, एवढेच ठरले. किंबहुना ठरविण्यासारखे त्यात काही आहे असे त्यांना वाटलेच नाही.

आम्हांस या प्रसंगात जे भावले ते हेच. आपण सभासंस्थांतली माणसे. एखाद्या गोष्टीवर ठराव झाला, उपसमिती नेमली गेली, की आपल्याला ती गोष्ट झाल्यासारखी वाटते. त्या पोरांना ठराव सुचला नाही. पंगतीत पाने मांडली गेली आहेत, आणि घरातल्या दोघा भावांना सांगितले आहे की तुम्ही ओसरीवरच थांबा. अशा वेळी उरलेल्यांनी पानावर बसावे की नाही यावर मते मागवावयाची असतात काय?

हंगाम संपल्यावर विद्यापीठाने फुटबॉल बंद केल्याचे जाहीर केले. लॉयोलानेही त्याच हंगामानंतर आपला खेळ थांबविला. म्हणजे पॅसाडीनाच्या त्या शेवटच्या सामन्यातील दोन्ही संघ एकाच वेळी विसर्जित झाले. डॉन्सकडून ४७–१४ असे हरलेल्या कॉलेज ऑफ द पॅसिफिकला मात्र टेक्सासातील सन बोलचे निमंत्रण मिळाले व १ जानेवारी १९५२ रोजी तो संघ तेथे खेळला. सेंट क्लेअरचे एक वर्ष उरले होते. ते त्याने टल्सा विद्यापीठात जाऊन पुरे केले. संघ असा पांगला.

असे सगळेच संघ वागत नव्हते. पेन स्टेट विद्यापीठाच्या संघाने १९४६ साली मायामीतला सामना याच कारणास्तव रद्द केला होता आणि १९४८ च्या कॉटन बोलमध्ये आपले दोन्ही कृष्णवर्णीय खेळाडू बरोबर नेऊन तो बरोबरीत सोडविला होता. परंतु कित्येक संघांनी आपले खेळाडू मुकाट्याने मागे ठेवले आणि सामने खेळून घेतले. त्यांची नावे आज कोणी सांगत नाही.

आता ती माणसे पुढे काय झाली ते सांगतो, कारण विद्यार्थिमित्रांना तेच जाणून घ्यावयाचे असेल.

मॅट्सन १९५२ च्या उन्हाळ्यात हेलसिंकीच्या ऑलिंपिकला गेला. चारशे मीटर धावण्यात त्याने कांस्यपदक आणि चार गुणिले चारशेच्या सांघिक शर्यतीत रौप्यपदक मिळविले. आपल्यापैकी वडीलधाऱ्यांच्या कानांनी हेलसिंकी हे नाव टवकारले असेल. त्याच स्पर्धेत, त्याच जुलै महिन्यात, कराडजवळच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी कुस्तीत कांस्यपदक मिळविले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. खाशाबांच्या प्रवासखर्चासाठी गावोगाव वर्गणी फिरली होती, हे सर्वांस ठाऊक आहेच. एका टेकडीवरचा धावपटू आणि कृष्णाकाठचा मल्ल एकाच महिन्यात एकाच नगरीत होते, हे वाचताना आम्हांस उगाचच घरचे कोणी भेटल्यासारखे वाटले.

मॅट्सन पुढे व्यावसायिक खेळात इतका मोलाचा ठरला की १९५९ साली त्याच्या एकट्याच्या बदल्यात एका संघाने नऊ खेळाडू दिले. कँटन येथील व्यावसायिक फुटबॉलच्या कीर्तिमंदिरात त्याचा समावेश १९७२ मध्ये झाला. त्याच वर्षी, त्याच समारंभात, मार्केट्टीचाही झाला. सेंट क्लेअरचा १९९० मध्ये. एका कॉलेजच्या एका संघातले तिघे!

टोलरची कथा निराळी आहे, आणि आम्हांस तीच अधिक जवळची वाटते. व्यावसायिक संघाने त्याची निवड केली होती. परंतु १९५२ च्या ऑगस्टमध्ये शिकागोच्या एका प्रदर्शनी सामन्यात त्याचा गुडघा असा दुखावला की खेळाडू म्हणून त्याचे आयुष्य तेथेच संपले. तो शिक्षक झाला. सॅन फ्रान्सिस्कोच्या एका शाळेत गणित शिकवू लागला आणि कालांतराने त्याच शाळेचा मुख्याध्यापक झाला. शाळा सांभाळून तो पंचाचे काम शिकला. इकडे प्रसिद्धीची पत्रे लिहिणारा तो पीट रोझेल १९६० साली साऱ्या व्यावसायिक फुटबॉल संघटनेचा आयुक्त झाला होता. १९६५ साली टोलर त्या संघटनेचा पहिला कृष्णवर्णीय पंच झाला आणि पंचवीस हंगाम त्याने ते काम केले. १९८० च्या सुपर बोलमध्ये, म्हणजे त्या खेळाच्या सर्वांत मोठ्या सामन्यात, तो पंच होता. ज्याला एका सामन्याच्या मैदानात पाऊल ठेवू दिले नाही, त्याच्या शिट्टीवर पुढे मैदाने थांबत असत. टोलर २००९ साली, मॅट्सन २०११ साली, सेंट क्लेअर २०१५ साली आणि मार्केट्टी २०१९ साली निवर्तले. टोलरच्या शाळेच्या आवाराला आज त्याचे नाव आहे. जुने केझर मैदान १९८९ मध्ये पाडले गेले. त्या जागी एक लहान मैदान आहे. तेथे आम्ही नातवासह बाकावर बसून शेंगदाणे खाल्ले.

ज्ञातिबंधूंनो, त्या बाकावर बसून आम्हांस जे आठवले ते आता सांगावयाचे आहे. प्रथम आठवले ते पळवणकर बाळू. आपल्या देशाच्या क्रिकेटमधील पहिल्या थोर गोलंदाजांपैकी एक. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी ११४ बळी घेतले. पुण्यात हिंदूंच्या संघाकडून खेळताना, चहाच्या वेळी या गृहस्थांना मंडपाबाहेर उभे करून मातीच्या भांड्यातून चहा दिला जाई, कारण ते चर्मकार समाजाचे होते. चेंडू त्यांच्या हातचा चाले. कप चालत नसे. १९२३ साली त्यांचे बंधू विठ्ठल हिंदू संघाचे कर्णधार झाले, तेथवर येण्यास किती वर्षे लागली! बाळूंविषयी आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. परंतु एक प्रश्न आम्हांस त्या बाकावर प्रथमच पडला: बाळू बाहेर उभे असताना आत बसलेले दहाजण काय करीत होते? उत्तर सोपे आहे. ते चहा पीत होते. सुशिक्षित, सुस्वभावी, आपल्यासारखेच लोक.

दुसरी आठवण आमची स्वतःची, आणि ती सांगणे आम्हांस सोपे नाही.

गेल्या जानेवारीत आपल्या ज्ञातीच्या क्रिकेट स्पर्धा झाल्या. क्रीडा उपसमितीचे प्रमुख आम्ही होतो. आपल्याच एका वसाहतीतील मुलांच्या संघाने नाव नोंदविले. यादीत अकरा नावे. त्यांतले नऊ आपल्या घरांतले आणि दोघे आपल्या ज्ञातीचे नव्हते. ते दोघे त्याच वसाहतीत वाढलेले, त्याच शाळेतले, त्याच संघातून सहा वर्षे खेळणारे. नियमावलीचे तिसरे कलम स्पष्ट आहे: प्रत्येक खेळाडू ज्ञातीचा असला पाहिजे. आम्ही कर्णधारास पत्र लिहिले की, दोन नावे बदलून सुधारित यादी चार दिवसांत द्यावी. पत्रातली भाषा अत्यंत सौजन्यपूर्ण होती; आपण ती पाहिली तर आमचे कौतुकच कराल. उत्तर दुसऱ्या दिवशी आले, दोन ओळींचे. संघ स्पर्धेतून नाव मागे घेत आहे, कळावे. आम्ही प्रवेशशुल्क परत पाठविले. उपसमितीच्या बैठकीत आम्ही असेही म्हणालो, आणि ते इतिवृत्तात आहे, की हल्लीच्या मुलांस संस्थेच्या नियमांविषयी आदर उरलेला नाही.

त्या कलमाला कारण होते, हे आम्ही नाकारीत नाही. गावोगाव विखुरलेली कुटुंबे वर्षातून एकदा एकत्र यावीत, मुलांनी एकमेकांस ओळखावे, यासाठी या स्पर्धा सुरू झाल्या. निधी आपल्या लोकांनी दिला. आमच्या तीर्थरूपांनीही दिला. ‘तिकडे वर्णद्वेषाचा कायदा होता, इकडे केवळ घरचा कार्यक्रम आहे, दोन्ही एका मापाने कशी मोजता?’ असा आक्षेप कोणी घेतला तर त्यात तथ्य आहे, हे आम्ही मान्य करतो. माप एक नाही. परंतु घरचा कार्यक्रम असेल तर त्या दिवशी आलेल्या शेजाऱ्याच्या मुलाला आपण दारातून परत पाठवितो काय? आमच्या आईने तर असे कधी केले नसते.

आम्ही हिंदुस्थानात परत आल्यावर त्या कर्णधाराच्या घरी गेलो. मुलगा अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. आज तो या सभागृहात आहे. त्याला परीक्षेतील यशाबद्दल पारितोषिक आहे, म्हणून तो आला आहे, आमच्यासाठी नव्हे. आम्ही त्याला विचारले, नाव मागे घेण्याचे तुम्ही कसे ठरविले? सभा घेतली होती काय? तो जरा गोंधळला. म्हणाला, “काका, त्यात ठरवायचं काय होतं?”

यावर आम्ही काय बोलणार? चहा घेतला आणि घरी आलो.

अध्यक्षमहाराज, उद्या सकाळी सर्वसाधारण सभा आहे. विषयपत्रिकेवर सातव्या क्रमांकावर एक दुरुस्ती आहे. स्पर्धेच्या नियमावलीतील तिसरे कलम काढून त्या जागी एवढेच असावे की, प्रत्येक संघात निम्म्याहून अधिक खेळाडू ज्ञातिबांधव असावेत; बाकीचे ते खेळाडू जेथे राहतात, शिकतात किंवा नोकरी करतात तेथील त्यांचे सोबती असण्यास हरकत नाही. सूचक म्हणून आमचे नाव लिहिलेले आहे. कागद बाहेरच्या टेबलावर, पाण्याच्या पिंपाशेजारी, चिटणिसांकडे आहे. अनुमोदकाची जागा अद्याप रिकामी आहे.